आकड्यांतील स्त्री : जिल्ह्याजिल्ह्यांची कोष्टके कशी शोधावी व कशी वाचावी

सन १९६१ च्या जनगणनेत भारतातील सुमारे ५ कोटी ९५ लाख स्त्रियांची नोंद 'काम करणाऱ्या' अशी झाली. दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, हीच संख्या सुमारे ३ कोटी १३ लाख भरली. मधल्या दशकात देशाची लोकसंख्या वाढली होती, पेऱ्याखालील क्षेत्र वाढले होते, काम करणाऱ्या पुरुषांची संख्याही वाढली होती. मग पावणेतीन कोटींहून अधिक स्त्रिया गेल्या कोठे? भाताच्या खाचरांतून, विडीच्या सुपापासून, गाईम्हशींच्या गोठ्यांतून त्या एकाएकी उठून गेल्या, असे कोणी म्हणणार नाही. त्या होत्या तेथेच होत्या. बदलला होता तो प्रगणकाच्या हातातील प्रश्न.

१९६१ चा नियम उदार होता. काम हंगामी असेल तर हंगामाच्या बहुतेक काळात दिवसाला एका तासाहून अधिक नियमित काम करणारी प्रत्येक व्यक्ती 'कामकरी' धरली जाई. १९७१ मध्ये प्रत्येकास प्रथम विचारण्यात आले की, तुमचा मुख्य व्यवसाय कोणता? पहाटे दळण, मग पाणी, मग स्वयंपाक, दुपारभर निंदणी आणि सायंकाळी गुरे, असा दिवस घालविणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बहुधा घरातील कर्ता पुरुष देई, आणि ते उत्तर 'घरकाम' असे. तिची निंदणी दुय्यम कामाच्या रकान्यात गेली. मुख्य बेरजेत ती आलीच नाही. पुढे अर्थविषयक प्रश्नांची नमुन्यादाखल पुन्हा पाहणी करण्यात आली व तिच्या आधारे स्त्रियांच्या कामातील सहभागाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांपर्यंत दुरुस्त करण्यात आले. तथापि १९६१ चे २८ टक्के ते १९७१ चे १४ टक्के हे अंतर व्याख्येनेच निर्माण केलेले होते, ही गोष्ट या दुरुस्तीने पुसली गेली नाही.

एखाद्या प्रदेशातील स्त्रियांचे काम, त्यांचे शिक्षण, त्यांचा समाज आणि त्यांची अपत्यसंख्या यांविषयीचे आकडे शोधू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने हे उदाहरण प्रारंभीच पाहून ठेवणे इष्ट आहे. आकडे दुर्मिळ आहेत, अशी तक्रार आपल्या देशात करता येणार नाही. १८७२ साली पहिली शिरगणती झाली, १८८१ पासून संपूर्ण देशात एकाच वेळी गणना होऊ लागली, आणि २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी ती अखंड चालली. अडचण निराळीच आहे. वरील चार बाबींची माहिती चार निरनिराळ्या हातांनी, निरनिराळ्या व्याख्यांनी आणि निरनिराळ्या सीमांत गोळा केलेली असते. ती एका कोष्टकात आणून बसविणे हे खरे काम होय.

कामाची मोजणी

१९८१ च्या जनगणनेपासून कामकऱ्यांचे दोन वर्ग करण्यात आले. गेल्या वर्षातील १८३ दिवस किंवा त्याहून अधिक काळ काम केलेले ते 'मुख्य', त्याहून कमी काळ केलेले ते 'सीमान्तिक'. १९९१ मध्ये प्रश्नातच स्पष्ट शब्द घालण्यात आले की, शेतावर किंवा घरच्या धंद्यात मोबदल्याविना केलेले कामही यात धरावे. या शब्दांसाठी अभ्यासक आणि स्त्री-संघटना यांना बराच आग्रह धरावा लागला होता. स्त्रियांच्या दर्जाविषयी नेमलेल्या समितीने १९७४ साली आपला अहवाल सादर केला, तेव्हापासून हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत होता. त्यानंतरच्या गणनांत स्त्रियांच्या सहभागाचे प्रमाण १९८१ मध्ये १९.७, १९९१ मध्ये २२.३, २००१ मध्ये २५.६ आणि २०११ मध्ये २५.५ टक्के असे आढळते. या चढत्या रांगेत खरी वाढ किती आणि सुधारलेली मोजणी किती, हे कोणासही नेमके वेगळे करून दाखविता येणार नाही. मुख्य व सीमान्तिक यांची बेरीज करूनच जो तुलना करतो त्याने निदान दोन्ही आकडे शेजारी मांडावेत, एवढेच म्हणता येईल. कारण स्त्रियांच्या बाबतीत सीमान्तिकांचा वाटा पुरुषांच्या मानाने फार मोठा असतो.

जनगणनेचा मोठा गुण असा की ती खेड्यापर्यंत पोहोचते. 'प्राथमिक जनगणना सार' या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या कोष्टकात प्रत्येक गावाची व प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या, शून्य ते सहा वयाची बालके, अनुसूचित जाती व जमाती, साक्षर, आणि शेतकरी, शेतमजूर, गृहोद्योगी व इतर अशा चार वर्गांतील कामकरी, हे सर्व स्त्री-पुरुषनिहाय दिलेले असते. १९५१ पासून प्रत्येक जिल्ह्याची 'जिल्हा जनगणना पुस्तिका' निघत आली आहे. जुन्या जिल्हा ग्रंथालयांत तिच्या प्रती कपाटाच्या खालच्या कप्प्यात धूळ खात पडलेल्या असतात, आणि आता त्यांपैकी बऱ्याचशा संगणकावरूनही पाहता येतात. आपला तालुका प्रथम तेथे पाहावा. राज्याच्या कोष्टकापासून प्रारंभ करणाऱ्यास पुढे तालुक्यापर्यंत उतरण्याचा धीर सहसा राहत नाही.

जनगणनेचा दोष असा की ती दहा वर्षांनी एकदा येते आणि घाईत असते. ही उणीव राष्ट्रीय नमुना पाहणीने भरून काढली. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या प्रेरणेने १९५० साली सुरू झालेल्या या पाहणीत घरे थोडी, परंतु प्रश्न पुष्कळ असत. १९७२-७३ पासून रोजगाराची विस्तृत पाहणी साधारणपणे दर पाच वर्षांनी होत गेली, आणि २०१७-१८ पासून तिची जागा नियतकालिक श्रमबल पाहणीने घेतली. हिच्या कोष्टकांत ९२ व ९३ असे दोन सांकेतिक क्रमांक आहेत व त्यांकडे विद्यार्थ्याने अवश्य लक्ष द्यावे. ९२ म्हणजे केवळ घरकाम करणारी व्यक्ती. ९३ म्हणजे घरकाम करून शिवाय सरपण, चारा, भाजीपाला गोळा करणारी, किंवा घरच्या वापरासाठी शिवणकाम, विणकाम इत्यादी करणारी व्यक्ती. दोघीही श्रमबलाच्या बाहेर गणल्या जातात. डोंगरावरून लाकडाची मोळी घेऊन उतरणारी स्त्री ती मोळी बाजारात विकते तेव्हा कामकरी ठरते आणि आपल्याच चुलीत घालते तेव्हा ठरत नाही. मोळीचे वजन मात्र दोन्ही वेळा तेवढेच असते.

या पाहणीनुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. इतक्या थोड्या वर्षांत एवढी वाढ झाल्याचे पाहून हर्ष वाटणे स्वाभाविक आहे, तथापि या वाढीचा मोठा भाग ग्रामीण भागातील स्वयंरोजगारात, त्यातही घरच्या धंद्यात मदतनीस म्हणून नोंदलेल्या स्त्रियांत आहे. त्या नव्याने कामास लागल्या की त्यांच्या कामास नव्याने नाव मिळाले, हा वाद अर्थशास्त्रज्ञांत चालू आहे. ज्यास या वादाच्या मुळाशी जावयाचे असेल त्याने कालोपयोगाची पाहणी पाहावी. तीत माणसास 'तुम्ही काम करता काय?' असे न विचारता, काल पहाटेपासून आज पहाटेपर्यंत तुम्ही काय काय केले, असे अर्ध्या अर्ध्या तासाने विचारतात. २०१९ च्या पाहणीत घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसाचा सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जातो असे आढळले. तशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटांचा. २०२४ मध्ये हे आकडे २८९ व ८८ होते. 'ती काही करत नाही, घरीच असते' या वाक्याचे मोजमाप याहून चांगले कोठे सापडेल असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

शिक्षण

शिक्षणाचे आकडे त्या मानाने सरळ आहेत. एकच दक्षता घ्यावयाची. १९७१ पर्यंतच्या साक्षरतेचे प्रमाण पाच वर्षांवरील लोकसंख्येवर, आणि १९८१ पासूनचे सात वर्षांवरील लोकसंख्येवर काढलेले असते. छेद बदलला की टक्का बदलतो. १९५१ साली शंभर स्त्रियांत साक्षर नऊही नव्हत्या. २०११ मध्ये ६४.६ टक्के झाल्या. केरळात हे प्रमाण सुमारे ९२ टक्के, राजस्थानात सुमारे ५२ टक्के, आणि मध्य प्रदेशाच्या अलीराजपूर या भिल्ल-भिलालांच्या जिल्ह्यात सुमारे ३० टक्के होते. साक्षर म्हणजे कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येणारा. शाळेत किती वर्षे गेली हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी जनगणनेच्या 'सी' मालिकेतील शैक्षणिक पातळीची कोष्टके पाहावी लागतात.

समाजाची नोंद

परदेशांतील अनेक जनगणनांत 'वंश' किंवा 'वांशिक गट' असा रकाना असतो. भारतात तो नाही. १९३१ साली हटन यांच्या देखरेखीखाली जातवार संपूर्ण गणना झाली. १९४१ ची गणना युद्धामुळे आखडती घेतली गेली. आणि १९५१ पासून केवळ अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांचीच नोंद होत आली. याखेरीज धर्म व मातृभाषा विचारतात. तेव्हा भारतात 'वांशिकता' शोधणाऱ्यास प्रत्यक्षात या चार रकान्यांवरच भागवावे लागते. २०२१ साली व्हावयाची जनगणना साथीच्या रोगामुळे लांबली. जून २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेने पुढील गणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरविला असून, बर्फाच्छादित प्रदेशांसाठी तो १ ऑक्टोबर २०२६ आहे. या गणनेत जातींची नोंदही करण्याचे शासनाने ठरविले आहे.

अनुसूची ही कायद्याने केलेली यादी आहे. तिच्यात फरक झाला की एकही मूल न जन्मता समाजाची संख्या वाढते. याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रात घडले. १९७१ च्या गणनेत या राज्यात अनुसूचित जमातींचे लोक २९ लाख ५४ हजार, म्हणजे ५.९ टक्के होते. १९८१ मध्ये ते ५७ लाख ७२ हजार, म्हणजे ९.२ टक्के झाले. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट! यामागचे प्रमुख कारण १९७६ च्या कायद्यात आहे. तत्पूर्वी अनेक जमाती राज्याच्या ठराविक भागांतच अनुसूचित मानल्या जात. तीच जमात शेजारच्या तालुक्यात राहत असली तर तिची गणना होत नसे. १९७६ मध्ये हे क्षेत्रबंधन काढून टाकण्यात आले. नावांच्या सारखेपणाने काही इतर समाजही त्या नोंदीत शिरले, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला होता व त्यावरून दीर्घकाळ वाद चालले.

अनुसूचित जातींची कथाही अशीच आहे. डॉ. आंबेडकरांच्या १९५६ च्या धर्मांतरापूर्वी, १९५१ साली, आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. बौद्ध झालेली व्यक्ती त्या वेळच्या नियमाने अनुसूचित जातीत धरली जात नसे. १९९० मध्ये कायदा बदलला, आणि १९८१ मध्ये ७.१ टक्के असलेला अनुसूचित जातींचा वाटा १९९१ मध्ये ११.१ टक्के झाला. या दोन गणनांतील 'अनुसूचित जातींतील स्त्रियांची साक्षरता' शेजारी ठेवून जो प्रगती मोजू जाईल, तो दोन निरनिराळ्या समूहांची तुलना करीत असेल.

यादी राज्याराज्यांत वेगळी असते हेही ध्यानात ठेवावे. झारखंडातील संथाळ, उराँव व मुंडा हे अनुसूचित जमातींत मोडतात. त्यांचेच पूर्वज ज्या चहाच्या मळ्यांवर मजुरीस गेले त्या आसामात त्यांचा समावेश त्या यादीत झालेला नाही. आसामच्या मळ्यांतील पाने खुडणाऱ्या स्त्रियांविषयी 'जमाती' या रकान्यात शोध घेणाऱ्यास त्या तेथे सापडणार नाहीत.

जन्मांचा हिशेब

अपत्यसंख्येचे मापन सर्वांत नाजूक. 'एकूण जननदर' ही संज्ञा वृत्तपत्रांत वारंवार येते. तिचा अर्थ असा की, एखाद्या वर्षी निरनिराळ्या वयाच्या स्त्रियांना ज्या प्रमाणात मुले झाली, त्याच प्रमाणात एका स्त्रीस पंधरा ते एकोणपन्नास या वयात मुले होत गेली असती तर तिला एकंदर किती झाली असती. ही काल्पनिक स्त्री आहे. कोणत्याही गावात तिची गाठ पडणार नाही. तरीही प्रदेशांची तुलना करण्यास तिच्याइतके सोयीचे माप दुसरे नाही.

जन्माची नोंद सक्तीची करणारा कायदा १९६९ चा आहे, परंतु त्या काळी खेड्यापाड्यांतील फार मोठा भाग नोंदीबाहेर राही. म्हणून प्रायोगिक रूपात १९६४-६५ मध्ये आणि पुढे १९६९-७० पासून देशभर 'नमुना नोंदणी पद्धती' चालू झाली. तिची युक्ती मोठी मनोहर आहे. निवडलेल्या गावात एक स्थानिक प्रगणक वर्षभर जन्ममृत्यू टिपत राहतो. दर सहा महिन्यांनी दुसरा एक निरीक्षक त्याची वही न पाहता घरोघर जाऊन स्वतंत्र नोंद करतो. मग दोन्ही याद्या ताडून पाहतात. समजा, १८० जन्म दोन्ही याद्यांत सापडले, १२ केवळ पहिल्या यादीत व १५ केवळ दुसऱ्या यादीत. तर दोघांच्याही नजरेतून सुटलेले जन्म किती? बारास पंधराने गुणावे व एकशेऐंशीने भागावे. उत्तर येते १. दोघांच्या चुका परस्परांवर अवलंबून नसतील तर हा हिशेब बरोबर ठरतो. हे सूत्र सी. चंद्रशेखरन् व डेमिंग यांनी १९४९ साली कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथील नोंदी तपासून मांडले. प्रत्यक्ष नमुना नोंदणीत मात्र दोन याद्यांत न जुळलेल्या घटनांची पुन्हा जागेवर जाऊन पडताळणी करतात. या पद्धतीचे वार्षिक आकडे विश्वसनीय आहेत, तथापि ते राज्याच्या पातळीवरचे आहेत. जिल्ह्याचा जननदर तेथे मिळत नाही.

दुसरे साधन राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. हिचे संयोजन मुंबईच्या देवनार येथील लोकसंख्याशास्त्र संस्था करीत आली आहे; ही संस्था १९५६ मध्ये चेंबूर येथे प्रशिक्षण व संशोधन केंद्र म्हणून स्थापन झाली. १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत भारताचा एकूण जननदर ३.४ होता, २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत तो २.० झाला. बिहारात ३.०, मेघालयात २.९, महाराष्ट्रात १.७, गोव्यात १.३, सिक्कीममध्ये १.१. शाळेत कधीच न गेलेल्या स्त्रियांत २.८, तर बारा किंवा अधिक वर्षे शिकलेल्यांत १.८. अनुसूचित जमाती व अनुसूचित जाती यांत २.१, आणि 'इतर' वर्गात १.९. शिक्षणाने पडणारे अंतर समाजाने पडणाऱ्या अंतरापेक्षा किती मोठे आहे, हे या दोन ओळींवरून दिसून येते.

चौथ्या पाहणीपासून, म्हणजे २०१५-१६ पासून, प्रत्येक जिल्ह्याची माहितीपत्रिका निघू लागली. ती उघडणाऱ्यास दोन गोष्टींनी निराशा येईल. तीत जिल्ह्याचा एकूण जननदर नाही. आणि स्त्रियांच्या रोजगाराचा आकडाही नाही. पहिल्याचे कारण समजण्यासारखे आहे. पाचव्या पाहणीत ७ लाख २४ हजार स्त्रियांस ७०७ जिल्ह्यांत प्रश्न विचारले गेले. म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी हजारांहून थोड्या अधिक. हजार स्त्रियांना तीन वर्षांत मिळून सुमारे दोनशे मुले होतील. ती सात वयोगटांत विभागली, की एकेका गटात थोडीच उरतात. त्यांतून पुन्हा जिल्ह्यातील एका जमातीच्या, शिवाय मजुरी करणाऱ्या स्त्रियाच निवडू गेल्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुले राहतील, व त्यांवरून काढलेला दर एखाद-दुसऱ्या जन्माने वरखाली होईल. रोजगाराचे कारण निराळे. त्याविषयीचे प्रश्न सुमारे १५ टक्के घरांतच विचारले जातात, म्हणून ते उत्तर राज्यापुरतेच टिकते.

अशा वेळी पुन्हा जनगणनेकडे वळावे लागते. तिच्या 'एफ' मालिकेत विवाहित स्त्रियांना आजवर झालेली व हयात असलेली मुले, तसेच गेल्या वर्षातील जन्म यांची कोष्टके आहेत. स्त्रिया गेल्या वर्षातील जन्म सांगताना कालाचा अंदाज चुकतात, हे ओळखून ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ विल्यम ब्रास यांनी आजवरच्या मुलांच्या संख्येशी ताडा घालून तो दर दुरुस्त करण्याची रीत बसविली. आणखी एक सोपी वाट आहे. आज शून्य ते सहा वयाची जी बालके मोजली गेली, त्यांत त्या काळात मृत्यू पावलेल्या बालकांची अंदाजे भर घातली, की मागील सात वर्षांतील जन्म मिळतात. गिल्मोतो व इरुदय राजन यांनी जनगणनेतील बालकांच्या संख्येवरून अशाच तऱ्हेने देशातील जिल्ह्याजिल्ह्यांचे जननदर काढले आहेत. शाळेतील मुलांनाही बालकांच्या संख्येस एकंदर स्त्रियांच्या संख्येने भागून आपल्या तालुक्यांचा क्रम लावता येईल. दर नव्हे, पण क्रम बहुधा बरोबर येतो.

चारही रकाने एकत्र

हे चारही रकाने जिल्हावार एकत्र आणण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न ममता मूर्ती, आन-कॅथरीन ग्युओ व ज्याँ द्रेझ यांनी केला. १९८१ च्या जनगणनेतील २९६ जिल्हे घेऊन त्यांनी १९९५ मध्ये असे दाखविले की स्त्रियांची साक्षरता जेथे अधिक तेथे जननदर कमी असतो, आणि अनुसूचित जमातींचे प्रमाण जेथे अधिक तेथे मुलींच्या जगण्याविषयीचा भेदभाव कमी आढळतो. हा दुसरा निष्कर्ष, 'मागासलेपणा' हा शब्द सैलपणे वापरणाऱ्यांनी विशेष लक्षात घेण्यासारखा आहे.

परंतु नियम सर्वत्र सारखा चालत नाही. हिमाचल प्रदेश व पंजाब ही शेजारची राज्ये. २०११ च्या गणनेत काम करणाऱ्या स्त्रिया हिमाचलात ४४.८ टक्के, पंजाबात १३.९ टक्के. स्त्री-साक्षरता अनुक्रमे सुमारे ७६ व ७१. आणि पाचव्या पाहणीतील जननदर १.७ व १.६! कामाने जनन घटते, असे ज्याने पाठ केले असेल त्याने पंजाब पाहावा. शिक्षणाने घटते, असे ज्याने पाठ केले असेल त्याने मेघालय पाहावा : तेथे स्त्री-साक्षरता सुमारे ७३ टक्के, काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून बरेच वर, आणि जननदर २.९.

प्रदेशाच्या आकड्यावरून व्यक्तीविषयी अनुमान काढण्यात आणखी एक खळगा आहे. अमेरिकेचे समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये तो दाखवून दिला. त्यांनी १९३० च्या अमेरिकी जनगणनेत पाहिले, तो ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक अधिक तेथे निरक्षरता कमी होती. सहसंबंध उणे ०.५३. यावरून परदेशी लोक अधिक साक्षर होते असे कोणी म्हणेल. पण व्यक्ती व्यक्ती मोजता सहसंबंध अधिक ०.१२ निघाला, परदेशात जन्मलेलेच थोडे अधिक निरक्षर होते. ते जाऊन वसले होते अशा राज्यांत, जेथील मूळ रहिवासी अधिक शिकलेले होते. जमातींचे प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यात काम करणाऱ्या स्त्रिया जास्त आढळल्या, तर त्या स्त्रिया त्याच जमातींच्या आहेत हे जिल्ह्याचे कोष्टक सांगत नाही. ते अनुसूचित जमातींच्या विशेष कोष्टकांत स्वतंत्रपणे पाहावे लागते, आणि तेथे ते जमातीच्या नावानिशी मिळते.

क्वचित मूळ गणनाच संशयास्पद असते. नागालँडची लोकसंख्या १९९१ ते २००१ या दशकात ६४.५ टक्क्यांनी वाढल्याचे दाखविले गेले आणि पुढच्या दशकात ती १९ लाख ९० हजारांवरून १९ लाख ७९ हजारांवर उतरली. तेथे साथ आली नव्हती की स्थलांतर झाले नव्हते. २००१ ची संख्या फुगविलेली होती. जागांचे वाटप लोकसंख्येवर अवलंबून असले की असे घडण्याचा संभव असतो. अशा कोष्टकावरून काढलेला कोणताही दर, मग तो साक्षरतेचा असो की जननाचा, त्याच छेदावर उभा असतो.

सर्वांत साधी अडचण सीमांची. २०११ मध्ये देशात सर्वांत अधिक लोकसंख्येचा जिल्हा ठाणे हा होता. १ कोटी १० लाखांहून अधिक लोक व पंधरा तालुके. कल्याण-डोंबिवलीच्या चाळी आणि जव्हार-मोखाड्याचे पाडे यांची सरासरी एकाच ओळीत छापलेली आहे. जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १४ टक्के. जव्हार व मोखाडा या तालुक्यांत दहांपैकी सुमारे नऊ माणसे वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, मल्हार कोळी अशा जमातींची. जिल्ह्याच्या आकड्यात वारली स्त्री लोकलगाडीच्या गर्दीत दिसेनाशी झाली होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी त्यातही वसई-विरारची बारा लाखांची नगरी आहेच. चौथ्या कुटुंब आरोग्य पाहणीतील 'ठाणे' हे जुने, अखंड ठाणे आहे. पाचव्या पाहणीतील 'ठाणे' सात तालुक्यांचे. नाव तेच, प्रदेश निराळा. दोन पत्रिका शेजारी ठेवून 'ठाण्यात पाच वर्षांत अमुक फरक पडला' असे लिहिण्यापूर्वी पालघरची पत्रिका तिसरी म्हणून घ्यावी, आणि दोन्ही जिल्ह्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या भाराने मिळवावे. जनगणनेच्या बाबतीत हे अधिक सुलभ आहे. प्राथमिक सारात गावागावाची ओळ असल्यामुळे जुन्या किंवा नव्या, कोणत्याही सीमेची बेरीज आपली आपणास करता येते. जव्हार, मोखाडा, विक्रमगड व तलासरी एवढेच तालुके घेऊनही एक कोष्टक बनविता येते, आणि ते एका दुपारचे काम आहे. पुढील जनगणनेसाठी जिल्हा-तालुक्यांच्या सीमा ३१ डिसेंबर २०२५ अखेर गोठविण्याचे ठरले. म्हणून २०११ नंतर निर्माण झालेल्या जिल्ह्यांच्या अभ्यासकाने आपल्या जिल्ह्यातील गावांची २०११ ची यादी व त्यांचे सांकेतिक क्रमांक आताच उतरवून ठेवावेत. नवी कोष्टके हाती आल्यावर तुलना त्या क्रमांकांवरूनच करावी लागेल.